आत्महत्या-प्रतिबंध, युवकांतील : सांस्कृतिक अनुकूलन

आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या तरुण व्यक्ती वेळीच ओळखणे, त्यांना आधार व उपचार मिळवून देणे आणि ज्या परिस्थितीतून असे विचार उद्‌भवतात ती बदलण्याचा प्रयत्न करणे, या संघटित उपायांना युवकांतील आत्महत्या-प्रतिबंध म्हणतात. एका समाजात सिद्ध झालेले उपाय दुसऱ्या समाजात योजताना तेथील भाषा, दुःख व्यक्त करण्याच्या रीती, कुटुंबरचना, श्रद्धा, प्रतिष्ठेच्या कल्पना व सामाजिक विषमता यांना अनुसरून त्यांत जे फेरफार करावे लागतात, त्यांस सांस्कृतिक अनुकूलन अशी संज्ञा आहे. अनुकूलन म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. मदत कोणी द्यावी, कोठे द्यावी, कोणत्या शब्दांत द्यावी आणि कोणत्या दुःखाला दुःख मानावे, या सर्व प्रश्नांचा त्यात समावेश होतो.

व्याप्ती : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सु. ७,२७,००० व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येने झाला आणि त्यांपैकी सु. ७३ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडले. १५ ते २९ वर्षे या वयोगटात आत्महत्या हे मृत्यूचे तिसऱ्या क्रमांकाचे कारण होते. भारतात राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने २०२२ या वर्षासाठी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील असून ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. मृतांपैकी सु. एक-तृतीयांश व्यक्ती १८ ते ३० या वयोगटातील होत्या. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची संख्या १३,०४४ होती. रोजंदारीवरील श्रमिकांचे प्रमाण एकूण आत्महत्यांच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होते. स्त्रियांच्या बाबतीत भारताचा वाटा विशेष मोठा आहे. २०१६ मध्ये जगातील स्त्रियांच्या एकूण आत्महत्यांपैकी सु. ३७ टक्के भारतात घडल्या, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अध्ययनात आढळले. ही आकडेवारी पोलिसांकडील नोंदींवर आधारलेली असल्यास प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. कारण अनेक मृत्यू अपघाती म्हणून नोंदविले जातात. विभागाच्या अहवालात वय, लिंग, शिक्षण व व्यवसाय यांचे तपशील असतात. मात्र जातवार वर्गीकरण नियमितपणे प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे दलित व आदिवासी युवकांतील प्रश्नाचे मोजमापच अपुरे राहते.

संकल्पनेचा विकास : फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आत्महत्येचा संबंध व्यक्तीच्या समाजाशी असलेल्या बंधांशी जोडला. हे बंध सैल झाले किंवा समाजाचे नियमन कोलमडले, की आत्महत्येचे प्रमाण वाढते, असे त्याचे प्रतिपादन होते. प्रत्यक्ष प्रतिबंधाचे कार्य विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. चॅड व्हॅरा या धर्मोपदेशकाने १९५३ मध्ये लंडन येथे ‘समॅरिटन्स’ ही दूरध्वनीवरून आधार देणारी सेवा सुरू केली. १९६० मध्ये एर्व्हिन रिंगेल याच्या पुढाकाराने व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंध संघटना स्थापन झाली. १० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या-प्रतिबंध दिन २००३ पासून पाळला जातो. भारतात लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नई येथे ‘स्नेहा’ ही संस्था स्थापिली.

या सेवांची घडण प्रामुख्याने यूरोप व अमेरिका येथील मध्यमवर्गीय समाजात झाली. व्यक्ती एकांतात बोलू शकते, तिच्या भावनांना तिच्याजवळ नावे आहेत, तज्ञाकडे जाण्यात तिला संकोच वाटत नाही, ही गृहीतके त्यांत अंतर्भूत होती. अन्य समाजांत ती लागू पडत नाहीत, हे हळूहळू ध्यानात आले. १९९५ मध्ये गिल्येर्मो बेर्नाल व त्याच्या सहकाऱ्यांनी मानसोपचारांच्या अनुकूलनासाठी आठ अंगे सुचविली : भाषा, व्यक्ती, रूपके, आशय, संकल्पना, उद्दिष्टे, पद्धती व परिस्थिती. पुढील अनेक प्रयोगांना ही मांडणी आधारभूत ठरली.

अन्य देशांतील अनुभव : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृष्णवर्णीयांमध्ये आत्महत्येचे प्रमाण कमी असते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. चर्च व विस्तारित कुटुंब यांच्या आधारामुळे हे घडते, असे मानले जाई. नव्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. ५ ते १२ वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचे प्रमाण त्याच वयाच्या श्वेतवर्णीय मुलांच्या सु. दुप्पट असल्याचे २०१८ मध्ये निदर्शनास आले. १९९१ ते २०१७ या काळात कृष्णवर्णीय किशोरांनी स्वतः सांगितलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांत ७३ टक्क्यांनी वाढ झाल्याचे २०१९ मधील एका अध्ययनात आढळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या कृतिगटाने या प्रश्नावर विशेष अहवाल सादर केला. शिकागो येथे लव्होम रॉबिन्सन यांनी ताणाला तोंड देण्याचे शिक्षण देणारा एक प्रचलित गट-अभ्यासक्रम शाळांतील आफ्रिकी-अमेरिकी किशोरांसाठी नव्याने घडविला. मूळ अभ्यासक्रमात परीक्षा, मैत्री, घरातील मतभेद असे ताण गृहीत धरलेले होते. नव्या रूपात वंशभेद व वस्तीतील हिंसा यांचा ताणाची खरी कारणे म्हणून समावेश झाला. मुलाला छळणारी गोष्ट अभ्यासक्रमात नावानिशी आल्याखेरीज तो अभ्यासक्रम त्याला आपला वाटत नाही, हा या प्रयोगाचा महत्त्वाचा बोध होय.

ॲरिझोनातील व्हाइट मौंटन अपाची जमातीने आत्महत्येच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद आपल्याच यंत्रणेमार्फत ठेवण्याचे ठरविले. जमातीतील प्रशिक्षित कार्यकर्ते संबंधित व्यक्तीच्या घरी जातात आणि वडीलधारी मंडळी मुलांना परंपरेचे शिक्षण देतात. तेथे २००१–०६ च्या तुलनेने २००७–१२ या काळात आत्महत्येचे प्रमाण सु. ३८ टक्क्यांनी घटले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर व क्रिस्टोफर लालोंड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले अध्ययनही उल्लेखनीय आहे. ज्या आदिवासी समूहांकडे स्वशासन, शिक्षण, आरोग्यसेवा व सांस्कृतिक केंद्रे यांचा ताबा होता, त्यांच्यात युवकांच्या आत्महत्या अत्यल्प होत्या, असे त्यांना आढळले. यावरून संस्कृती ही केवळ उपचाराचे वेष्टन नसून समूहाच्या हाती असलेली सत्ता व आत्मसन्मान यांच्याशी तिचा संबंध असतो, असे दिसते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा प्रथम शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात झाली. युवकांच्या संदर्भात तिला दोन बाजू आहेत. एक उच्च शिक्षणातील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांची आणि दुसरी रोजगारासाठी गाव सोडलेल्या तरुणांची. पहिल्या बाजूकडे सुखदेव थोरात समितीच्या अहवालाने २००७ मध्ये लक्ष वेधले. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाच्या तक्रारींची तपासणी या समितीने केली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेच्या संवर्धनासाठी विनियम केले. २०१६ मध्ये हैदराबाद येथे रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबई येथे पायल तडवी यांचे मृत्यू झाल्यानंतर त्या दोघांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करून या विनियमांच्या परिणामकारक अंमलबजावणीची मागणी केली. अशा प्रसंगी विद्यार्थ्याला ‘दुर्बल मनाचा’ ठरविणारे समुपदेशन अपुरे तर असतेच, पण अपमानाचे दुःख ते आणखी वाढविते.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण म्हणून आकुर्डीचा विचार करता येतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील हे मूळचे गाव पुणे–मुंबई महामार्ग व पुणे–लोणावळा लोहमार्ग यांवर वसलेले आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे हा सर्व परिसर कारखान्यांनी व्यापला. आकुर्डीची ओळख बजाज ऑटोच्या कारखान्याशी जोडली गेली. तेथील वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले. दरम्यान वाहन-उद्योगाचा विस्तार चाकणकडे झाला व आकुर्डी-निगडी परिसरात अभियांत्रिकी व अन्य महाविद्यालये निघाली. परिणामी कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि विद्यार्थी असा मोठा तरुण वर्ग येथे एकत्र राहतो. मराठवाडा, विदर्भ व खानदेश येथून आलेल्यांबरोबरच उत्तर भारतातून आलेल्यांची संख्याही लक्षणीय आहे.

या वर्गाच्या जीवनाची काही वैशिष्ट्ये प्रतिबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एका खोलीत अनेकांनी ‘कॉट बेसिस’वर राहण्याच्या पद्धतीमुळे एकांत मिळत नाही, मात्र एकटेपणा असू शकतो. पाळ्या बदलत असल्याने झोप व जेवण यांची घडी विस्कटते आणि एकाच खोलीतील तरुणांची दिवसेंदिवस भेट होत नाही. कंत्राट संपले की कामाबरोबर ओळखीचे वर्तुळही संपते. गावी दरमहा पैसे पाठविण्याची जबाबदारी असल्याने अपयश घरी सांगता येत नाही. ज्याच्या शिक्षणासाठी जमीन गहाण पडली आहे, त्याला नापास होणे हे केवळ स्वतःचे अपयश वाटत नाही.

अनुकूलनाची अंगे : (१) भाषा : मराठीत मानसिक व्यथा क्वचितच वैद्यकीय संज्ञांनी सांगितली जाते. ‘टेन्शन आले आहे’, ‘करमत नाही’, ‘मन लागत नाही’, ‘डोके जड झाले आहे’, ‘कशात राम उरला नाही’, ‘जीव नकोसा झाला आहे’ हे तिचे नेहमीचे शब्द होत. यांतील पहिले बहुधा साध्या त्रासाचे, तर शेवटचे दोन अनेकदा धोक्याचे सूचक असतात. ते ओळखण्याचे शिक्षण साहाय्यकाला द्यावे लागते. उलट ‘मनोरुग्ण’ या शब्दाबरोबर वेडाचा कलंक येतो. ‘येरवड्याला पाठवा’ हा टोमणा पुणे परिसरात रूढ आहे, हे लक्षात घेता रुग्णालयाच्या नावापासून सुरू होणारे आवाहन तरुणांना दूर लोटते. ‘आत्महत्या’ या शब्दातील ‘हत्या’ हे पदही अपराधाची छाया आणते. म्हणून ‘आत्महत्येने मृत्यू’ असा प्रयोग अधिक इष्ट मानला जातो. भाषेचे अनुकूलन करताना प्रश्न टाळणे मात्र अभिप्रेत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. आपुलकीने विचारलेल्या अशा प्रश्नाने बहुधा सुटकेची भावना निर्माण होते.

(२) व्यक्ती : ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ यांच्यापुढे न बोलणारा तरुण ‘दादा’ किंवा ‘ताई’ यांच्याशी बोलू शकतो. खाणावळ चालविणारी बाई, खोलीतील सोबती, वसतिगृहाचा अधीक्षक, कारखान्यातील पर्यवेक्षक, कामगार-संघटनेचा कार्यकर्ता यांच्या ध्यानात बदल प्रथम येतो. जेवण तुटणे, बोलणे बंद होणे, वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा येणे ही लक्षणे ओळखणे, शांतपणे ऐकून घेणे, त्या व्यक्तीला एकटे न सोडणे आणि तज्ञापर्यंत पोहोचविणे, एवढे शिक्षण अल्पकाळात देता येते.

(३) स्थळ व समूह : आकुर्डीच्या परिसरात हा मुद्दा विशेष स्पष्ट होतो. देहूहून निघणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. जवळच देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. भजनी मंडळ हे एका तरुणाला विश्वासाचे स्थान वाटेल, तर दुसऱ्याला बुद्धविहार किंवा जयंती मंडळ अधिक जवळचे असेल. उत्तर प्रदेशातून आलेल्या तिसऱ्याला दोन्ही परकी वाटतील आणि त्याच्याशी हिंदीतच बोलावे लागेल. तात्पर्य, ‘मराठी संस्कृती’ असा एकच साचा धरून केलेले अनुकूलन हेही एक प्रकारचे अज्ञानच ठरते.

(४) कुटुंब व लिंगभाव : पाश्चात्त्य पद्धतीत व्यक्तीच्या गुप्ततेवर भर असतो. येथे कुटुंब हे आधाराचे व ताणाचेही मूळ असते. आईवडिलांना केव्हा व किती सांगावे, हे त्या तरुणाच्या संमतीने ठरवावे लागते. आंतरजातीय प्रेमसंबंध किंवा घरातील हिंसा हे ताणाचे कारण असता कुटुंबाला परस्पर कळविणे घातक ठरू शकते. ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय’ ही शिकवण मुलग्यांना मदत मागण्यापासून परावृत्त करते आणि अनेकदा मद्याकडे वळविते. पुणे येथील मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचे (स्थापना १९८६) कार्य या दृष्टीने प्रतिबंधास पूरक आहे. तरुण विवाहित स्त्रियांच्या बाबतीत सासरचा छळ व एकाकीपणा यांची दखल घेतल्याखेरीज समुपदेशन निष्फळ होते.

(५) आशय : स्पर्धा परीक्षांतील अपयश, कंत्राटी नोकरी, कर्ज, जातीवरून होणारी अवहेलना हे विषय प्रशिक्षणात स्पष्टपणे यावे लागतात. केवळ ‘सकारात्मक विचार करा’ असा उपदेश या अनुभवांना स्पर्श करीत नाही.

महाराष्ट्रातील प्रयत्न : ‘विश्राम’ या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत मानसिक आरोग्याचे काम झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अवसादग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले. राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाडा यांतील जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. पुणे येथील आय्‌. एल्‌. एस्‌. विधी महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नासिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा प्रयोग केला. त्यात गावातीलच माणसांना ऐकून घेण्याचे व शासकीय योजना मिळवून देण्याचे शिक्षण देण्यात आले. मनाची व्यथा आणि अडलेले निवृत्तिवेतन किंवा शिधापत्रिका यांचा विचार एकत्र करणे, हा या प्रयोगाचा विशेष होय. पुढे तो गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. त्याच केंद्राच्या सहभागाने दिल्ली, मुंबई व पुणे या शहरांतील वंचित गटांतल्या युवकांसाठी ‘आउटलिव्ह’ हा उपक्रम निघाला. त्यात प्रशिक्षित समवयस्क लिखित संदेशांद्वारे आधार देतात. ज्याला बोलण्यासाठी एकांत नाही, त्याला लिहिता येते, हे या पद्धतीचे मर्म आहे. पुण्याची ‘कनेक्टिंग’ व ‘बापू ट्रस्ट’ आणि ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था (स्थापना १९९०) यांचे कार्यही उल्लेखनीय आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत ती अहोरात्र विनामूल्य मिळते.

कायदा व धोरण : भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यामुळे पोलिसांच्या भयाने कुटुंबे असे प्रयत्न लपवीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिची काळजी व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर सोपविली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ व्या कलमासारखी सर्वसाधारण तरतूद नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा मानला आहे. नोव्हेंबर २०२२ मधील राष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत मृत्यूंत १० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. वृत्तपत्रांनी साधनांचा तपशील व भडक मथळे टाळावेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारली.

मर्यादा : सर्वच उपायांना अनुकूलनाची गरज सारखी नसते. घातक साधनांची उपलब्धता कमी करण्याचा उपाय बहुतेक समाजांत परिणामकारक ठरतो. श्रीलंकेत १९९५ नंतर अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्याने दोन दशकांत आत्महत्येचे प्रमाण सु. ७० टक्क्यांनी घटले. यूरोपातील १० देशांतील १६८ शाळांत झालेल्या चाचणीत (२०१५) किशोरांना परस्परांशी चर्चा व भूमिकानाट्य यांतून दिलेल्या शिक्षणाने आत्महत्येचे प्रयत्न वर्षभरात सु. निम्म्यावर आले. अशा सिद्ध उपायांचा गाभा कायम ठेवून त्यांचे बाह्यरूप बदलावे, की समूहाच्या अनुभवातून उपाय मुळापासून घडवावेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अनुकूलित उपायांच्या दीर्घकालीन परिणामांचे अध्ययनही अद्याप थोडे झाले आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. संस्कृतीच्या नावाखाली सहनशीलतेचे शिक्षण दिले गेले, तर अन्यायाची कारणे झाकली जातात. तरुणाला परिस्थितीशी जुळवून घ्यावयास शिकविणे आणि त्याच्याशी परिस्थिती जुळवून घेणे, या दोन्ही गोष्टी प्रतिबंधात आवश्यक आहेत. रात्रपाळीच्या कामगाराला सोयीच्या वेळी उघडे असणारे उपचारकेंद्र, भेदभावाच्या तक्रारीची निःपक्ष चौकशी, नोकरीची शाश्वती व राहण्याची माणुसकीची सोय हे समुपदेशनाला पर्याय नाहीत, तसेच समुपदेशनही त्यांना पर्याय नाही. ऐकणारा माणूस आपल्या भाषेत बोलतो आणि आपल्यावर झालेला अन्याय अन्याय म्हणून ओळखतो, अशी खात्री पटली की तरुण मदत मागतो. ती खात्री निर्माण करणे हे सांस्कृतिक अनुकूलनाचे प्रयोजन होय.

पहा : आत्महत्या, औद्योगिक मानसशास्त्र, मानसिक आरोग्य, समुपदेशन.